खुंटीवरची बंदूक आणि नमनाचे तेल

वैद्यकी हा मुळात गोष्टी ऐकण्याचा व्यवसाय आहे, हे आपल्या मंडळाच्या सभासदांना निराळे सांगायला नको. रुग्ण, आणि आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या बाबतीत बहुधा रुग्णाची आई किंवा आजी, एक गोष्ट सांगते. आपण ती ऐकतो, तिच्यातला फापटपसारा बाजूला काढतो, घटनांचा क्रम लावतो आणि सकाळच्या राउंडवर तीच गोष्ट आपल्या भाषेत वरिष्ठांपुढे मांडतो. 'हिस्टरी' या शब्दातच अर्धी कथा दडलेली आहे. त्यामुळे कथाकारांची परिभाषा आपल्या वॉर्डांत शिरली यात नवल काहीच नाही. दिशाभूल करणाऱ्या तपासणीला आपण 'रेड हेरिंग' म्हणतो. दुर्मिळ रोगाच्या मागे धावणाऱ्या विद्यार्थ्याला टापांचा आवाज आल्यावर घोडा आठवावा, झेब्रा नव्हे, असे बजावतो. हे झेब्र्याचे वचन अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या थिओडोर वुडवर्ड यांच्या नावावर सांगितले जाते आणि ते १९४० च्या दशकातले आहे. ही नावे वापरणाऱ्याला ती इतकी सोपी वाटतात की ती ऐकणाऱ्यालाही कळली असतील याविषयी त्याला शंकाच येत नाही.

ती शंका मला काही वर्षांपूर्वी आली, त्याचे कारण सांगतो. एका रुग्णालयात चार वर्षांचा एक मुलगा सहा दिवसांच्या तापाने दाखल झाला होता. बाहेरच्या एका प्रयोगशाळेतून त्याची विडाल चाचणी 'पॉझिटिव्ह' आली होती आणि विषमज्वराचे उपचार सुरू होते. मुलाचे डोळे लाल होते, पण त्यांत चिपडे नव्हती. ओठ फुटलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, तळहात किंचित सुजलेले. सकाळच्या राउंडवर तेथील वरिष्ठांनी चित्र बरोबर ओळखले आणि जाता जाता म्हणाले, "विडाल इज अ रेड हेरिंग." खरगोनकडच्या एका गावातून आलेला, अत्यंत कष्टाळू असा एक इंटर्न शेजारी उभा होता. त्याने 'रेड फ्लॅग' हा शब्द अभ्यासलेला होता, 'रेड हेरिंग' नव्हता. तांबडे ते धोक्याचे, असा हिशेब करून त्याने मुलाच्या वडिलांना सांगितले की सरांच्या मते विडाल हीच सर्वांत महत्त्वाची खूण आहे, टायफॉइड जोरात आहे. वडिलांनी साहजिकच पुढच्या महागड्या इंजेक्शनला संमती द्यायला नकार दिला: टायफॉइडच आहे तर हे कशाला?

ज्यांचा बालरोगाशी संबंध नाही अशा वाचकांसाठी एवढेच सांगतो की तो आजार कावासाकी होता. १९६७ साली जपानमधील डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी वर्णिलेला हा रोग वेळीच उपचार न मिळाल्यास सुमारे एक चतुर्थांश मुलांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगे आणतो, आणि इम्युनोग्लोब्युलिन ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत दिलेले बरे. संध्याकाळी मी त्या मुलाला पाहायला गेलो असता वडिलांच्या बोलण्यातून सारा उलगडा झाला आणि सातव्या दिवशी इंजेक्शन गेले. मुलगा आता हायस्कुलात आहे. त्या इंटर्नला कोणी बोल लावला नाही आणि लावूही नये. दोन वाक्प्रचार, दोन्हींत तांबडा रंग, आणि अर्थ एकमेकांच्या नेमका उलट. ज्याच्या कानावर ते बालपणापासून पडलेले नाहीत त्याने करावे तरी काय?

त्यानंतर या नावांच्या मुळाशी जाण्याचा मला छंदच लागला. हेरिंग हा मासा मिठात मुरवून धुरी दिली की तांबूस होतो आणि त्याला उग्र वास येतो. विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने १८०७ साली आपल्या साप्ताहिकात, सशाच्या मागावरील कुत्र्यांना असा मासा ओढत नेऊन चुकवल्याची गोष्ट सांगितली. तिचा रोख नेपोलियनविषयीच्या खोट्या बातमीने बहकलेल्या वृत्तपत्रांवर होता. म्हणजे हा वाक्प्रचार समजायला मासा, धुरी, शिकारी कुत्री आणि ससा एवढे सामान जवळ हवे. नर्मदेच्या काठी वाढलेल्या मुलाजवळ यांतले काय असणार? खुद्द इंग्रज मुलाजवळ तरी आज काय आहे? तो मासा आणि तो शिकारी दोघेही त्याच्या आयुष्यातून गेले आहेत. नाव मात्र टिकले, कारण ते शेकडो रहस्यकथांत नेमक्या त्याच जागी त्याच्या कानावर पडते.

दुसरे नाव आपल्या व्यवसायाला अधिक जवळचे आहे. आंतोन चेखव्ह हा आपल्यातलाच, १८८४ साली मॉस्कोहून वैद्यकीची पदवी घेतलेला, आणि १९०४ साली चव्वेचाळिसाव्या वर्षी क्षयाने गेलेला. झाडायची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये, अशा आशयाचे १८८९ मधील त्याचे पत्र आहे. त्यावरून 'चेखव्हची बंदूक' हे नाव पडले: कथेत जी वस्तू लक्ष वेधून घेते ती पुढे कामाला आली पाहिजे. ज्याला चेखव्ह ठाऊक नाही त्याला ही बंदूक लेखकाची खासगी मालमत्ता वाटते. आमच्या शहरात रविवारी सकाळी मराठी मुलांसाठी एक वाचनवर्ग चालतो. तेथे कधीमधी मला गोष्ट सांगायला बोलावतात. एकदा मी मुलांना नुसतेच विचारले की चेखव्हची बंदूक म्हणजे काय असेल? "चेखव्ह नावाचा शिकारी असेल," असे एकाने सांगितले. "म्हणजे न उडणारी बंदूक," असे दुसऱ्याने. मग मी एक लहानशी गोष्ट सांगितली. वाड्याच्या ओसरीवर खुंटीला आजोबांची जुनी बंदूक टांगलेली. पहिल्या परिच्छेदात आजी ती पुसते. मग लग्न, पाहुणे, जेवणावळी. मी मध्येच थांबलो. "आणि बंदूक?" असे तीन-चार मुलांनी एकदम विचारले. ज्याला नाव कळले नव्हते त्याला ती युक्ती अगोदरच कळलेली होती.

अशी नावे ठेवण्याची हौस फक्त पाश्चात्त्यांनाच आहे असे मात्र नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाच्या पाच अर्थप्रकृती सांगितल्या आहेत: बीज, बिंदु, पताका, प्रकरी आणि कार्य. यातले बीज कोणत्याही शेतकऱ्याला कळते. बिंदु म्हटले की आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे मोतीबिंदू आणि काचबिंदू येतात. दशरूपकावरील टीकेत मात्र त्याचा खुलासा आहे की पाण्यावर टाकलेला तेलाचा थेंब जसा पसरत जातो तसा मध्येच तुटलेला कथेचा धागा जो पुन्हा पसरवतो तो बिंदु. काय सुंदर कल्पना आहे! पण तेल आणि पाणी हे दोन शब्द कोणी सांगितल्याखेरीज ती सुचत नाही. मुख्य कथेला साहाय्य करणारे लांब उपकथानक, जसे रामकथेत सुग्रीवाचे, ते पताका. ध्वज जसा नायकाची खूण बनून त्याला उपकारक होतो तसे. याच शास्त्रात मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी आहेत. आमच्या एका अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने ही यादी वाचून, यातला एकही संधी आपल्या क्लिनिकमध्ये आजवर आलेला नाही, अशी तक्रार नोंदवली होती. तात्पर्य काय, तर हजार-दोन हजार वर्षांपूर्वीही नाव ठेवणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये टीकाकाराला उभे राहावे लागतच होते.

आता आपल्या मराठीकडे येतो, कारण खरी गंमत तेथे आहे. कथेच्या युक्त्यांना आपल्याकडे शास्त्रीय नावे नसली तरी बोलीतली नावे भरपूर आहेत आणि ती आपण रोज वापरतो, फक्त ती नावे आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. प्रास्ताविकच लांबले की आपण 'नमनालाच घडाभर तेल' म्हणतो. पुढच्या अनिष्टाची चाहूल लागली की 'शंकेची पाल चुकचुकते'. खलनायकाचे मर्म भलत्याच ठिकाणी लपवलेले असले की 'राक्षसाचा जीव पोपटात'. लोककथांचे अभ्यासक यालाच 'बहिःस्थ आत्मा' म्हणतात आणि स्टिथ थॉम्पसन यांच्या कल्पनाबंधांच्या सूचीत त्याला ई ७१० असा क्रमांक आहे. पोपट म्हटले की पाच वर्षांचे पोरही समजते. ई ७१० म्हटले की प्राध्यापकाखेरीज कोणी नाही. निरोपातले एक अक्षर बदलून कथेला कलाटणी दिली की तो 'ध चा मा'. १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनाशी जोडलेली ही आख्यायिका इतिहाससंशोधकांना शंकास्पद वाटते, पण नाव म्हणून ती पक्की आहे. मी तर ते निवासी डॉक्टरांना शिकवताना आवर्जून वापरतो. थायरॉइडची उणीव असलेल्या तान्ह्या बाळाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. घाईत लिहिलेल्या एका अक्षराने तो मिलिग्रॅम झाला की हजारपट. मराठी मुलांना 'ध चा मा होऊ देऊ नका' एवढे पुरते. हिंदी मुलांना पुण्यापासून सुरुवात करून सगळी कथा सांगावी लागते, आणि मग ती त्यांच्या अधिक लक्षात राहते असा अनुभव आहे.

पण ही देशी नावे तरी आपल्या मुलांना कळतात का? आपण माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे. होळकरांबरोबर आलेली आपली मराठी येथे टिकली खरी, पण मुलांच्या तोंडी आता 'पाणी कुठेतरी मुरतंय' च्या जागी 'डाळीत काहीतरी काळं आहे' असते, म्हणजे हिंदी म्हणीचा मराठी अंगरखा. मला त्याचा विषाद वाटत नाही. भाषा शेजाऱ्याकडून विरजण घेतेच. परंतु नमनाच्या तेलाचे काय? रात्रभर चालणाऱ्या खेळाला मशाली लागत, त्यांना तेल लागे, आणि गणेशस्तवनातच घडा संपला तर पुढचा खेळ अंधारात, हे सारे विजेच्या दिव्याखाली वाढलेल्या मुलाला कसे दिसावे? वाचनवर्गातील एका मुलीने, नमस्कार करण्यापूर्वी अंगाला तेल लावत असतील, असा तर्क केला. तर्क चुकीचा, पण तर्क करण्याची रीत अगदी योग्य होती. तिने शब्द सोडले नाहीत.

याच्या उलट उदाहरण श्रावणातल्या कहाण्यांच्या शेवटचे. त्या 'साठा उत्तरांचा' नेमका अर्थ किती आज्यांना सांगता येईल? तरीही ते शब्द उच्चारले की गोष्ट संपली, आता प्रसाद मिळणार, हे मांडीवरच्या नातवाला कळते. तीच गोष्ट 'क्रमशः' ची. इंग्रजीत याच जागी कड्याला लोंबकळणाऱ्या माणसाचे चित्र आहे. टॉमस हार्डीने १८७२-७३ मध्ये क्रमशः छापलेल्या एका कादंबरीत नायकाला खरोखरच कड्यावर लटकत ठेवले होते. 'क्लिफहँगर' हा शब्द मात्र पुष्कळ नंतर, चित्रपटमालिकांच्या काळात रूढ झाला. आपण एका विसर्गात ते काम केले. नाव पारदर्शक आहे की अपारदर्शक, यापेक्षा ते कोणत्या जागी आणि किती वेळा कानावर पडते याला अधिक महत्त्व आहे, असे माझे मत बनत गेले.

आमच्या शास्त्रातील निरीक्षणेही याच बाजूची आहेत. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुले वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेतात. पुढे हळूहळू ती अलंकारिक अर्थाकडे वळतात, आणि ही वाढ पौगंडावस्थेतही चालू राहते. काच्चारी आणि लेव्होरातो या इटालियन संशोधिकांनी १९८९ साली दाखवून दिले की सुटा वाक्प्रचार दिला तर अडखळणारे मूल तोच वाक्प्रचार गोष्टीत आला की बरेच पुढे जाते. स्वमग्नता असलेल्या काही मुलांना हा टप्पा विशेष अवघड जातो. मनोविकारतज्ज्ञ म्हणींचा अर्थ विचारून अमूर्त विचारशक्ती पारखतात, तेही याच आधारावर.

येथे मला एका मुलाविषयी लिहावेसे वाटते. नऊ वर्षांचा, घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. शाळेने त्याला 'स्लो लर्नर' ठरवून पालकांना तपासणीसाठी पाठवले होते. कोठेतरी झालेल्या चाचणीच्या कागदावर, 'डोळ्यांत धूळ फेकणे' याचा अर्थ त्याने 'आई झाडते तेव्हा होते ते' असा दिल्याची नोंद होती आणि त्यापुढे फुली. मी त्याला गोष्ट सांगितली. दुधात पाणी घालणारा एक गवळी, त्याची परीक्षा घ्यायला आलेला अधिकारी, आणि गवळ्याने मोठ्या आदराने पुढे केलेला आपल्या स्वतःच्या घरच्या गायीच्या निरशा दुधाचा पेला. "गवळ्याने काय केलं रे?" असे विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला, "डॉक्टरकाका, त्यानं साहेबाच्या डोळ्यांत धूळ फेकली." हा शब्दप्रयोग मी गोष्टीत एकदाही केलेला नव्हता. त्या मुलाच्या बुद्धीत काही उणे नव्हते. तीन भाषांच्या तिठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला संदर्भाशिवाय म्हणी विचारून त्याच्या बुद्धीला फुली मारणे, याला मी परीक्षा म्हणत नाही. बालविकासाची चाचणी करणाऱ्या आपल्या तरुण सभासदांनी निदान एवढे करावे की म्हण विचारण्यापूर्वी ती त्या घरात बोलली जाते का, हे आईला विचारून घ्यावे.

क्लिनिकमध्ये मला सर्वांत उपयोगी पडलेले नाव मात्र योगायोगाचे आहे. कथेतला योगायोग हा कथाकाराचा जुना आश्रय. संस्कृत पंडितांनी त्याला 'काकतालीय न्याय' म्हटले: कावळा यायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली. हा शब्द मी पालकांपुढे उच्चारला तर त्यांना तो एखादा नवा आजार वाटेल. पण 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' एवढे अर्धे वाक्य म्हटले की पुढचे तेच पूर्ण करतात. लसीकरणानंतर चार दिवसांनी बाळाला जुलाब झाले, आठवड्याने सर्दी झाली, दीड वर्षाच्या मुलाचे बोलणे लांबले, आणि दोष लसीला. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये बारा मुलांवरून छापलेल्या एका निबंधाने गोवर-गालगुंडांची लस आणि स्वमग्नता यांची अशीच गाठ मारली. तो निबंध २०१० साली मागे घेतला गेला, पण दरम्यान कावळ्याने कितीतरी फांद्या मोडल्याचे लोकांनी मानले. सांख्यिकीतली कार्यकारणभावाची चर्चा ज्या आजीला पटत नाही तिला कावळा पटतो. मात्र प्रत्येक वेळी कावळा निर्दोष असतो असे नाही, हेही सांगावे लागते. लसीनंतरचा दोन दिवसांचा ताप हा लसीचाच. तेथे ही म्हण वापरणे म्हणजे पालकांच्या डोळ्यांत धूळ फेकणेच होय.

मग त्या तांबड्या माशाला मराठीत काय म्हणावे? शब्दशः भाषांतराला मी ठाम विरोध करतो. 'लाल मासा' म्हटल्यावर आमच्या वाचनवर्गात पहिला प्रश्न तो खायचा असतो का, हाच आला. 'हुलकावणी' चालेल, पण ती नुसती क्रिया आहे, तिच्यात गोष्ट नाही. मला स्वतःला 'चकवा' हा शब्द भावतो. रात्रीच्या वाटसरूला रानात फिरवून पुन्हा त्याच झाडाखाली आणून सोडणारा चकवा आपल्या खेड्यांतल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेला असतो. ज्यांनी ऐकलेला नाही त्यांना चकवणे हे क्रियापद ठाऊक असते, आणि आमच्या हिंदी मुलांना त्याच्या शेजारचा 'चकमा'. म्हणजे तिन्ही दारांतून आत येता येते. अलीकडे आमच्या राउंडवर हा शब्द रुळू लागला आहे. परवाच एका निवासी डॉक्टर मुलीने, मूळची ती बुंदेलखंडची, एका मुलाच्या रक्तातील वाढलेल्या इओसिनोफिल पेशींकडे बोट दाखवून "सर, यह तो चकवा है" असे सांगितले आणि शेजारच्या तिघांना ते विनासायास समजले. तिने ते पालकांना सांगितले असते तरी चालले असते.

बंदुकीचे नाव मात्र अजून ठरलेले नाही. वाचनवर्गातील मुलांनी 'खुंटीवरची बंदूक' हे नाव स्वीकारले आहे, चेखव्हला त्यांनी रजा दिली. त्यांतल्या एका अकरा वर्षांच्या मुलीने गेल्या खेपेला मला अडवले. बंदूक शेवटपर्यंत उडालीच नाही, पण ती आहे म्हणून घरातले सगळे घाबरून राहिले, तर ती कामाला आली असे धरायचे की नाही? मी तिला सांगितले की याच डॉक्टरसाहेबांच्या 'चेरी ऑर्चर्ड' या शेवटच्या नाटकात एकीच्या हाती बंदूक आहे, दुसऱ्याच्या खिशात पिस्तूल आहे, आणि दोन्हींपैकी एकही झाडले जात नाही. तिने ते वहीत लिहून घेतले, आणि "मग नियम कुणी मोडला?" असे विचारून ती पाणी प्यायला निघून गेली.